पुलाखालची हाक

१

नदीकाठच्या पट्ट्यावर, पुलाखालच्या वळणाशी, शिवणाच्या बाई पडलेल्या सापडल्या आणि दवाखान्यात पोचल्यावर दुपारच्या आत गेल्या. त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पाववाल्याने. संध्याकाळी तोच कोठडीत होता.

मी तेव्हा रजेवर होते. टाच दुखते म्हणून रजा घेतली होती, आणि परत आले तर टेबलावर नेमकी चालण्या-फिरण्याची केस. आमच्या साहेबांना विनोदाचं अंग नाही, तेव्हा हे त्यांनी मुद्दाम केलं नसणार.

"किरकोळ आहे," साहेब म्हणाले. "सायकलवाल्याने मागून येऊन म्हातारीला उडवलं. सुनेने डोळ्यांनी बघितलंय. कोठडीची मुदत संपतेय, उद्या दुपारी परत कोर्टात उभा करायचा. तुम्ही फक्त एकदा नजरेखालून घाला."

नजरेखालून घालायची म्हणजे सगळं परत करायचं, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं आहे. मी एक गोळी घेतली आणि कोठडीकडे गेले.

बाहेरच्या बाकावर पाववाल्याची बायको बसली होती. परवापासून तिथेच होती म्हणे. तिने मला काही विचारलं नाही, नुसती उठून उभी राहिली. मी तिला बसायला सांगितलं. त्यापलीकडे सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

पाववाला चाळिशीतला, काटकुळा, कपड्यांना अजून भट्टीचा वास. सायकलला मागे क्रेट बांधून तो रोज सकाळी पट्ट्यावरून पाव पोचवायचा. बेकरीवाल्याने त्याची फेरी दुसऱ्या माणसाला देऊनही टाकली होती.

"मॅडम, आता किती वेळा सांगू?" तो म्हणाला. "मी पुलाखाली आलो तेव्हा त्या पडलेल्याच होत्या. पाणी चढून उतरलं होतं, गाळ होता फरशीवर. घसरल्या असणार."

"आणि सून?"

"कसली सून? तिथे कोणीच नव्हतं. अँब्युलन्स आली तेव्हा एक बाई धावत आल्या. त्या सून आहेत हे मला नंतर कळलं."

मागे उभे असलेले हवालदार हसले. "ह्याला धडक दिल्यावर सून कशी दिसेल, मॅडम? वर आणखी एक आहे. बाई ‘उठवू नको’ म्हणाल्या, तरी ह्याने उचलून बसवलं. डॉक्टर म्हणतात, हलवायला नको होतं."

"हे कोणी सांगितलं?"

"हाच बोलला की."

मी पाववाल्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

"म्हणाल्या होत्या तसं," तो म्हणाला. "ते खरं आहे."

मला तो खोटारडा वाटेना. खोटं बोलायला बसलेला माणूस स्वतःच्या गळ्याशी येणारी गोष्ट आपणहून सांगत नाही. पण दोन दिवस तेच तेच विचारून पिळून काढलेला माणूस काहीही कबूल करतो, हेही मी पाहिलेलं आहे. तेव्हा टाच दुखत असली तरी पट्ट्यावर जाणं आलं.

२

पट्टा म्हणजे सिमेंटचा लांबलचक रस्ता. एका बाजूला नदीचा कठडा, दुसऱ्या बाजूला कुंपण आणि त्यापलीकडे गाड्यांचा रस्ता. मधे आखलेली पिवळी रेघ कधीच पुसट झालेली, त्यामुळे चालणारे आणि सायकलवाले एकमेकांत मिसळूनच जातात. फाटकाशी गाड्या लावायला जागा, आत थोडं गेलं की बाक, आणि बरंच पुढे तो पूल.

मी पाय ओढत निघाले. सकाळच्या त्या उत्साही माणसांचा मला मनापासून राग येतो. हात काय हलवतात, दीर्घ श्वास काय घेतात. मी त्यांच्याकडे रागाने बघत चालले होते, एवढ्यात मागून कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "नदी!"

मी दचकून नदीकडे वळले. कोण बुडालं म्हणून कठड्याकडे धावले, आणि एक सायकल माझ्या कोपराला वारा देत गेली. वरचा हेल्मेटवाला मागे वळून आणखी काहीतरी बोलला. ते बहुधा माझ्याविषयी होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. पाणी संथ होतं. कोणीही बुडालेलं नव्हतं.

बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांची मात्र चांगली करमणूक झाली.

"बघितलंत ना, मॅडम?" त्यांतला एक उठून जवळ आला. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. सकाळच्या मंडळाचे हे अध्यक्ष. "हे असंच चालतं रोज. शिवणाच्या बाईंचा बळी गेला, आता तुमचा जाणार होता. सायकली बंद झाल्याच पाहिजेत. मी किती दिवस ओरडतोय."

"त्या दिवशी तुम्ही पुलाकडे होता?"

"आम्ही इथून पुढे जात नाही. गुडघे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण तो पाववाला कसा येतो, ते मला विचारा. वारं भरल्यासारखा."

"म्हणजे धडक तुम्ही पाहिली नाही."

"पाहायला कशाला हवी? सुनेने पाहिली ना?"

"सून रोज यायची बाईंबरोबर?"

"रोज!" अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला. "एक दिवस खाडा नाही. फाटकाशी भेटायची, वाकून हसायची. दार उघडून सासूला हाताला धरून उतरवायची. आजकाल कोण करतं एवढं? बाई पण गोड. येता-जाता आमच्यापैकी कोणाला तरी पकडून गप्पा मारत चालायच्या. सगळ्यांना विजारी कापायला शिकवलं त्यांनी तोंडी तोंडी."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. मग एकाने चष्मा काढून पुसला. त्यांना बाई हव्याहव्याशा होत्या, एवढं मला समजलं.

पुलाखाली गेले. गाळ कधीच धुऊन टाकला होता. ओली, स्वच्छ फरशी आणि भिंतीला टेकवून ठेवलेला एक मोठा झाडू. म्हणजे तिथे आता बघायला काहीच उरलं नव्हतं, आणि माझ्याजवळ एकच साक्ष होती. ती सुनेची.

३

घर दुसऱ्या मजल्यावर. दारात चपलांचं कपाट, वर हेल्मेट, खाली मुलीचे शाळेचे बूट. पुढच्या खोलीत कोपऱ्यात झाकण घातलेलं शिलाई मशीन, त्यावर बाईंचा फोटो. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, खुर्चीच्या टोकावर बसला होता. दाढी वाढलेली.

"आईला काचबिंदू झाला होता," तो म्हणाला. "समोरचं दिसायचं, कडेचं नाही. डॉक्टर म्हणाले, चालणं सोडायचं नाही, पण एकटीने नाही. म्हणून हिला सांगितलं होतं, एक पाऊलही एकटीला सोडू नकोस. हिने शब्द पाळला हो. आणि तरी असं झालं."

सून आतून चहा घेऊन आली. तिशीतली, डोळ्यांखाली काळं, केस घाईघाईने बांधलेले. औषधांच्या गोदामात खोकी भरायचं काम करते, रात्रपाळी. सकाळी येऊन मुलीचा डबा, नवऱ्याचा डबा, आणि मग सासूला घेऊन पट्ट्यावर. हे सगळं नवऱ्याने कौतुकाने सांगितलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. कप माझ्यासमोर ठेवताना तिचे डोळे एक क्षण मिटले आणि चहा बशीत सांडला.

"सॉरी," ती म्हणाली, आणि फडकं आणायला गेली.

परत आल्यावर मी तिला झालेलं सांगायला सांगितलं. तिने ते पाठ केल्यासारखं सांगितलं.

"मी आईंच्या दोन पावलं मागे होते. तो पाववाला मागून जोरात आला. ‘डावीकडून, डावीकडून’ असा ओरडला. आई गोंधळल्या, तिकडेच सरकल्या. त्याचं हँडल लागलं आणि त्या मागे पडल्या. डोकं आपटलं."

"नक्की ‘डावीकडून’ म्हणाला?"

"हो. दोनदा."

"मग तुम्ही काय केलंत?"

ती थांबली. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. "मला काही सुचलंच नाही," ती म्हणाली. "मी तशीच उभी राहिले. मग अँब्युलन्स आली."

डोक्याला मार मागच्या बाजूला होता, ते मी दवाखान्यात विचारून आले होते. मागून धक्का बसलेला माणूस पालथा पडायला हवा. पण वळून बघताना लागलं असेल तर उताणाही पडेल. डॉक्टर दोन्ही हातांनी दोन्हीकडे बोट दाखवून मोकळे झाले होते.

निघताना नवरा मला खाली सोडायला आला. त्यांची जुनी गाडी दारात उभी होती. मी सहज आत डोकावले. ड्रायव्हरची सीट पार मागे पाडलेली, आणि त्यावर मुलीची कार्टूनवाली छोटी उशी.

"ही सीट रोज अशीच असते," नवरा वैतागून म्हणाला. "मी सरळ करतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. किती वेळा सांगितलं, खटका बिघडला असेल तर दाखवून घे."

मी खटका ओढून बघितला. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

४

हेल्मेटवाला दातांचा डॉक्टर निघाला. दवाखान्यात गर्दी होती, म्हणून त्याने मला सरळ खुर्चीतच बसवलं आणि दिवा माझ्या तोंडावर येऊ नये म्हणून बाजूला सारला. मला बघून तो ओशाळला.

"तुम्ही सकाळच्या! अहो, मी ‘नदी’ म्हणालो ना? तुम्ही नदीकडेच का पळालात?"

"कोणी बुडालं असं वाटलं."

तो इतका हसला की शेजारच्या खोलीतला रोगी घाबरला असेल. "पट्ट्यावर नवीन दिसता. ‘नदी’ म्हणजे मी नदीच्या बाजूने येतोय, तुम्ही रस्त्याकडे सरका. ‘रस्ता’ म्हणजे मी रस्त्याच्या बाजूने येतोय, तुम्ही नदीकडे सरका. तिथे सगळे असंच ओरडतात."

"घंटी नाही का?"

"घंटी वाजवली की माणसं वळून बघतात, आणि बघता बघता आडवी येतात. डावं-उजवं करून बघितलं. मी म्हणायचो ‘डावीकडून’, म्हणजे मी डाव्या बाजूने येतोय. लोकांना ऐकू यायचं ‘डावीकडे’, ते डावीकडेच सरकायचे. शिवाय समोरून येणाऱ्याचं डावं वेगळं. दर आठवड्याला भांडण. शेवटी हे शिवणाच्या बाईंनी सोडवलं."

"बाईंनी?"

"त्या म्हणाल्या, कापड उलटलं की डावं-उजवं बदलतं, म्हणून आम्ही किनारीवरून सांगतो. किनार काही जागची हलत नाही. तुम्हाला एका बाजूला नदी आहे, एका बाजूला रस्ता, मग भांडता कशाला? झालं. तेव्हापासून ‘नदी’ आणि ‘रस्ता’. चालणारे, सायकलवाले, अगदी अध्यक्षसुद्धा. पाववाला तर असा ओरडतो की पलीकडच्या काठावरचे पक्षी उडतात."

मी त्या खुर्चीत आडवीच होते. तशीच छताकडे बघत राहिले. टाच दुखायची थांबली नव्हती, पण मला तिचा विसर पडला.

"पट्ट्यावर आता कोणी ‘डावीकडून’ म्हणतं?"

"रोज चालणारा असेल तर नाही. का हो?"

सून रोज यायची, एक दिवस खाडा नाही. हे अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी त्यांना ‘यायची का’ असं विचारलं होतं. ‘चालायची का’ असं विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बाई त्यांच्यातल्याच कोणाशी तरी गप्पा मारत चालायच्या, तेव्हा सून मागे असेलच असं त्यांनीही धरलेलं असणार.

५

परत कोठडीशी आले तेव्हा पाववाल्याची बायको बाकावर बसूनच पेंगत होती. मी हवालदारांना तिच्यासाठी चहा मागवायला सांगितला आणि आत गेले.

"मला फक्त एक सांग," मी म्हणाले. "बाई ‘उठवू नको’ कधी म्हणाल्या? तू उचलायला हात घातलास तेव्हा?"

"नाही. तेव्हा नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच माझा हात धरला."

"क्रमाने सांग. अगदी जसं झालं तसं."

त्याने डोळे चोळले. "त्या उताण्या होत्या. पाठीखाली गाळ, पाणी. ‘बसव मला’ म्हणाल्या. मी क्रेटवरचं फडकं काढलं, घडी करून डोक्यामागे धरलं आणि कठड्याला टेकवून बसवलं. मग अँब्युलन्सला फोन केला. मग म्हटलं, आजी, घरचं कोण आहे? कोणाला बोलावू? तेव्हा त्या म्हणाल्या."

"काय म्हणाल्या? नीट आठव."

"‘उठवू नको.’ मला वाटलं, मला इथून उठवू नको, बसू दे. म्हणून मी म्हटलं, नाही उठवत, आजी. त्यावर त्या हसल्या थोड्या. मग परत काही बोलल्या नाहीत."

हवालदार माझ्या मागे येऊन उभे होते. "तेच तर मॅडम. उठवू नको म्हणाल्या, आणि तरी..."

"आधी बसवलं, हवालदार. मग त्या म्हणाल्या. तुम्ही उलटं लावलंत." मला ओरडायचं होतं, पण तेवढा जीव नव्हता अंगात. "आणि त्याने विचारलं काय होतं? कोणाला बोलावू. त्यावर बाई काय म्हणाल्या?"

हवालदारांनी ते मनातल्या मनात म्हणून बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली.

"कोणाला तरी झोपेतून उठवू नको," ते म्हणाले.

पाववाला आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होता.

"पट्ट्यावर कोण झोपलं होतं, मॅडम?" त्याने विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. पण कोर्टासाठी ते माझ्या तोंडून येऊन उपयोग नव्हता. ते सुनेच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि माझ्या हातात उद्याची सकाळ तेवढी होती.

६

सकाळी मी सुनेला पट्ट्याच्या फाटकाशी बोलावून घेतलं. ती कामावरून सरळ आली. नवऱ्याला मी थोड्या वेळाने यायला सांगितलं होतं.

"जागा दाखवा फक्त," मी म्हणाले. "चला, चालत जाऊ."

आम्ही दोघी पाय ओढत निघालो. तिला झोप आवरत नव्हती, मला टाच. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी तिला नमस्कार केला. तिने केला. पण बाक मागे पडल्यावर ती इकडेतिकडे बघू लागली, आणि मला तिच्याविषयी वाईट वाटायला लागलं. दर वळणापुढे काय आहे ते तिला माहीत नव्हतं. रोजच्या वाटेवर माणूस असं बघत नाही.

"पूल आला की सांगा," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

मी दातांच्या डॉक्टरला हळू यायला सांगून ठेवलं होतं, दोन्ही हात ब्रेकवर ठेवून. हे काही सरळ वागणं नव्हतं. पण चौकीतल्या बाकावर पेंगणारी ती दुसरी बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

मागून आवाज आला, "रस्ता!"

समोरून येणारे दोघे बोलता बोलता नदीकडे सरकले. मीसुद्धा सरकले. आणि सून, रस्ता द्या असं कोणी म्हणतंय असं समजून, पटकन कुंपणाच्या बाजूला झाली. सरळ सायकलच्या पुढे. मी तिला दंड धरून ओढलं. डॉक्टरने पाय टेकले, आमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेला.

सून गेलेल्या सायकलकडे बघत राहिली.

"रोज येणाऱ्याने त्या बाजूला पाऊल टाकलं नसतं," मी म्हणाले. "इथे ‘डावीकडून’ कोणी म्हणत नाही. तुमच्या सासूबाईंनीच ते बंद केलं होतं. तुम्ही फाटकाच्या आत कधी चाललाच नाहीत ना?"

ती कठड्यापाशी खाली बसली. मीही बसले, नाहीतरी उभं राहवत नव्हतं. नदी आमच्या पाठीशी होती. मग ती एकदम बोलायला लागली.

"पहिल्याच दिवशी आई म्हणाल्या, तू गाडीत पड. डोळे मीट. मी फेरी मारून येते, कोणाला सांगायचं नाही. मला तेवढीच झोप मिळायची. तेवढीच. घरी गेलं की मुलगी, स्वयंपाक, धुणं. मी नाही म्हणायला हवं होतं. मला रोज वाटायचं, आज नाही म्हणू. आणि रोज सीट मागे केली की संपलंच."

"त्या दिवशी?"

"सायरनने जाग आली. धावले. तिथे तो पाववाला, आई अशा. आणि मग ह्यांचा फोन. ‘तू बरोबर होतीस ना?’ मी हो म्हटलं. एकदा हो म्हटलं. मग पोलिसांनी विचारलं, सायकल लागली का? मी हो म्हटलं. लागली नसती तर मी बघत का राहिले असते? काहीतरी झालेलं असायलाच हवं होतं ना?" तिने तोंड पदराने नाही, दोन्ही हातांनी झाकलं. "मॅडम, मला एकच सारखं ऐकू येतं. आईंनी मला हाक मारली असेल. पडल्यावर मारली असेल. आणि मी झोपलेली."

मी तिला सांगितलं. पाववाल्याने काय विचारलं ते, आणि बाईंनी काय उत्तर दिलं ते.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मी परत सांगितलं. "त्याने विचारलं, कोणाला बोलावू. बाई म्हणाल्या, उठवू नको."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. नदीकडे वळून बसली आणि कठड्यावर कपाळ टेकलं. मागून एक जोडपं बोलत बोलत गेलं, मग कोणीतरी "नदी!" म्हणून गेलं. ती उठेपर्यंत मी काही बोलले नाही. मला घाई होती, कोर्टाची वेळ होत आली होती, पण नाही बोलले.

उठली तेव्हा तिने स्वतःच विचारलं, "तो अजून आत आहे?"

"आहे."

"मग चला."

फाटकाशी नवरा उभा होता. तिने माझी वाट बघितली नाही. सरळ त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, "मी आईंबरोबर नव्हते. गाडीत झोपले होते. रोज झोपायचे. आईंना माहीत होतं."

त्याने गाडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग तिच्या हातातून किल्ली घेतली, शेजारचं दार उघडून तिला आत बसवलं आणि आम्ही तिघं चौकीवर आलो.

७

साहेबांना सांगायला वेळ लागला. त्यांना किरकोळ केस हवी होती, आणि ती आता किरकोळ राहिली नव्हती. खोटी साक्ष दिल्याबद्दल सुनेवर काय करायचं ते नंतर बघू, असं ते म्हणाले. ते नंतर बघणं माझ्याच गळ्यात येणार, हे त्यांच्या आवाजावरून कळलं. पाववाल्याला मात्र सोडलं.

तो बाहेर आला. बायको उठली, त्याच्या दंडाला हात लावून बघितलं आणि आपली पिशवी उचलली. हवालदारांनी मागून त्याची सायकल आणली. चाकं बसली होती. क्रेटमध्ये वाळके पाव तसेच होते.

सून त्याच्यासमोर गेली. नवरा तिच्या मागे, थोडा दूर.

"मी तुमच्याबद्दल खोटं बोलले," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते."

पाववाल्याने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा बोलेल, आणि बोलला तर मी अडवणार नव्हते. त्याची फेरी गेली होती, अब्रू गेली होती, आणि ‘खोटं बोलले’ एवढं म्हटल्याने त्यातलं काहीच परत येणार नव्हतं. तो सायकलच्या हँडलवरचा धुरळा अंगठ्याने पुसत राहिला.

"मला तुम्हाला माफबिफ करता येणार नाही, बाई," तो शेवटी म्हणाला. "आता तरी नाही. मी दमलोय."

तिने मान हलवली.

तो सायकल ढकलत चौकीच्या फाटकापर्यंत गेला. बायको बाजूला चालत होती. तिथे तो थांबला, आणि मागे न वळता, जरा मोठ्याने म्हणाला, "त्या एकट्या नव्हत्या. अँब्युलन्स येईपर्यंत मी हात धरून होतो. तेवढं माहीत असू दे."

मग ती दोघं रस्ता ओलांडून गेली. सून पायरीवर बसली आणि रडायला लागली. नवरा थोडा वेळ उभा राहिला, मग तिच्या शेजारी बसला.